न बघता लिहिलेलं तापमान

माझी चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे साहेबांविषयी मोकळेपणाने लिहिता येईल. एकोणीस वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, मी थर्मामीटर न बुडवता रजिस्टरात तापमान लिहिलं. एकोणतीस अंश. वरच्या ओळीत सकाळचा आकडा होता, तोच खाली उतरवला. मला अंबडला मुलगी बघायला जायचं होतं आणि घनसावंगीहून साडेतीनची जीप एकदा गेली की पुढची कधी भरेल याचा भरवसा नसे. थर्मामीटर बुडवून पाच मिनिटं थांबावं लागतं. मी ती पाच मिनिटं वाचवली.

त्या पाच मिनिटांपायी दोन सरळ माणसांवर चोरीचा आळ आला. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

घनसावंगी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याला लागून डिस्टिलरी होती. उसाच्या मळीपासून तिथे स्पिरिट निघायचं. मी तिथे नवा लागलेला केमिस्ट. साहेब होते उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक. ते कारखान्याचे नोकर नव्हते. सरकारने त्यांना आमच्या आवारातच एक खोली, एक टेबल आणि एक किल्ली देऊन बसवलं होतं, कारण स्पिरिटचा थेंबसुद्धा सरकारला विचारल्याशिवाय हलता कामा नये असा कायदा आहे. स्पिरिटच्या गोदामाला दोन कुलपं असायची. एकाची किल्ली साहेबांकडे, दुसऱ्याची आमच्या गोदामवाल्या चाचांकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नसे.

साहेब उंच, किडकिडीत, मान थोडी पुढे काढून चालणारे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पितळी नळी असायची. नवीन माणसाला वाटायचं, बासरी असावी. ती थर्मामीटरची डबी होती आणि थर्मामीटर त्यांचा स्वतःचा होता. खात्याने दिलेल्या थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यावरचे आकडे पुसट आहेत आणि पुसट आकड्याला माणूस आपल्या सोयीने वाचतो, असं त्यांचं म्हणणं.

ते तो कशातही बुडवत. घनसावंगीच्या स्टँडवरच्या हॉटेलात चहा आला की आधी थर्मामीटर. हॉटेलवाला रोज ओरडायचा, "साहेब, चहाला ताप आला का हो? गोळी आणू?"

साहेब शांतपणे सांगत, "अठ्ठ्याहत्तर हाय. थांबा थोडं." आणि साठावर येईपर्यंत कपाला हात लावत नसत. समोरच्यालाही लावू देत नसत. माझी जीभ त्यांच्यामुळे किती वेळा भाजायची वाचली असेल, मोजलं नाही.

जिथे जातील तिथलं तापमान ते एका खिशातल्या वहीत टिपून ठेवत. भावकीतलं लग्न, मंडप, दुपारी एक, एकोणचाळीस. दवाखाना, बाकडं, सकाळी दहा, एकतीस. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "कायबी कशासाठी करायचं म्हटलं की माणूस कामापुरतंच बघतो." त्या वहीशी पुढे गाठ पडणार आहे हे मला तेव्हा कुठून ठाऊक असणार!

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो होतो, पण दारू म्हणजे काय ते मला साहेबांनी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नळाखाली उभं केलं. नळातून पाण्यासारखं स्वच्छ स्पिरिट येत होतं.

"केमिस्टराव, हे काय हाय?"

"स्पिरिट."

"चूक. हे अजून कायच न्हाई. आता बघा. ह्याच्यात कडू औषध घालून नासवलं की हे रंगाच्या कारखान्यात जाणार. पिण्याचा कर न्हाई. पाणी घालून ठरल्या टक्क्यावर आणलं की ही देशी दारू. तिचा कर येगळा. रंग, वास घालून चांगल्या बाटलीत भरलं की विदेशी मद्य. घनसावंगीत जन्मलेलं, मळी इथली, पाणी इथलं, पण नाव विदेशी. त्याचा कर आणखी येगळा. वैद्यानं काढ्यात मुरू दिलं तर आसव. औषधाच्या कायद्यात गेलं. नळात हाय तोवर एकच हाय. कायद्याच्या दारातून बाहेर पडलं की चार भाऊ चार घरचे."

"मग कायदा दारू ओळखतो कशी?"

"कायद्याला दारू ओळखू येत न्हाई. कायदा प्यालेला नसतो ना! त्याला फक्त आकडा कळतो. किती लिटर, किती कडक. त्या दोन गोष्टी आपण सांगायच्या. आपण खोटं सांगितलं तर कायदा आंधळा."

कडकपणा मोजायचा तो हायड्रोमीटरने. काचेच्या उभ्या भांड्यात स्पिरिट ओतायचं, त्यात हे काचेचं तरंगणारं उपकरण सोडायचं. जितकं खोल बुडेल तितकं स्पिरिट कडक. साहेब त्याला बाई म्हणत. "बाईला उभं राहू द्या. ढोसू नका. दम खाऊ द्या." पण गोम अशी की स्पिरिट तापलं की पातळ आणि हलकं होतं. मग बाई जास्त बुडते आणि स्पिरिट आहे त्याहून कडक भासतं. शिवाय तापलेलं स्पिरिट फुगतं, त्यामुळे लिटरही जास्त दिसतात. म्हणून सोबत तापमान घ्यायचं आणि तक्त्यात बघून खरा आकडा काढायचा. तापमान चुकलं की बाकीचं सगळं चुकलं. साहेबांचं थर्मामीटरवरचं वेड तिथून आलं होतं, की वेड आधीचं होतं आणि नोकरी त्याला साजेशी मिळाली, हे मला आजही सांगता येणार नाही.

थर्मामीटर भांड्यात सोडला की पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. पंखा बंद. दार लोटलेलं. साहेब डोळे मिटून उभे. चाचा कोपऱ्यात स्टुलावर बसून बोटांवर काहीतरी मोजत. मी सुरुवातीला कंटाळून खिडकीबाहेरच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या ढिगाकडे बघायचो. नंतर मला त्या पाच मिनिटांची सवय झाली. माझं त्या वेळचं डोकं म्हणजे सतत पळणारं. नोकरी टिकेल का, घर कधी बांधू, लग्न कधी होईल. दिवसातून दोनदा ते डोकं पाच पाच मिनिटं जागेवर उभं राहायचं. आजवर मला एवढी चांगली गोष्ट फार कमी लोकांनी दिली.

साहेब स्वतः पीत नसत. पण पिणाऱ्याला उपदेशही करत नसत. "मी दारूच्या विरोधात न्हाई. मी अंदाजाच्या विरोधात हाय," असं म्हणायचे. स्पिरिटचा वाससुद्धा ते मुद्दाम घेत नसत. नाक साक्षीदार म्हणून चालत नाही, असं त्यांचं मत.

एकदा तीर्थपुरीकडच्या एका शेतवस्तीवरून निनावी चिठ्ठी आली, की अमुक म्हातारी मडक्यात हातभट्टीचं रसायन मुरवते. खात्याचे दोन जवान घेऊन साहेब गेले. मला हौस म्हणून बरोबर नेलं. मडकं सापडलं. वर फेस, आत बुडबुडे, आंबूस वास. जवान खुश. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी.

"आंबील हाय ती. जवारीची. तुमच्या मायनं कधी केली न्हाई का?"

एक जवान म्हणाला, "आजी, आंबिलीला एवढा फेस?"

"काल केल्ती, उन्हाळा हाय, फेस न्हाई येणार तं काय लोणी येणार?" मग ती साहेबांकडे वळली. "तुम्ही मोठे दिसता. पिऊन बघा की, कळंल."

"आजी, पिऊन न्हाई कळत. मोजून कळतं."

साहेबांनी बाटलीभर आंबील घेतली, म्हातारीची सही म्हणून अंगठा घेतला, आणि मडक्याला हात लावला नाही. माझ्या प्रयोगशाळेत मी ती उकळून वाफ थंड करून बघितली. म्हणण्यासारखं काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब तो निकाल सांगायला परत त्या वस्तीवर गेले, सायकलवर. जवानाकडून चिठ्ठी पाठवता आली असती. मी म्हटलं तसं, तर म्हणाले, "संशय घ्यायला मी स्वतः गेल्तो. मिटवायला जवान धाडू?"

तिथे त्यांनी दोन वाट्या आंबील प्यायली आणि पंचनाम्यात लिहिलं, 'सदर द्रव न्याहारीचा असल्याने जप्त केला नाही.' त्या कागदाची चेष्टा जालन्याच्या कचेरीपर्यंत पोचली. साहेबांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

संशय मिटवायला स्वतः जायचं असतं, हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं होतं. ते लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

चाचांबद्दल सांगायला हवं. ते तीर्थपुरीचे. रोज सायकलने येत. पाच वेळचे नमाजी. आणि नोकरी स्पिरिटच्या गोदामात. गावात त्यांना टोमणे बसत. ते हसून सांगत, "मैं पहारा देता, पीता नहीं. साप को भी कोई सँभालने वाला लगता ना बाबा." गोदामात घालायचे कपडे वेगळे. ते तिथल्या खुंटीवरच राहत. घरी जाताना हातपाय साबणाने धुवून, घरचे कपडे चढवून जात. साहेब आणि चाचा यांचं फार बोलणं होत नसे. किल्ल्या लावताना मात्र एक ठरलेला संवाद होता.

चाचा म्हणत, "पहले आप."

साहेब म्हणत, "न्हाई चाचा, पहिले तुम्ही."

हे रोज. अकरा वर्षं.

आता तो दिवस. हंगाम संपला होता. शेवटचं स्पिरिट मोठ्या टाकीत भरून टाकी सील करायची होती. साहेबांना नेमकी त्याच दिवशी जालन्याला कोर्टात साक्ष होती. सकाळचं माप घेऊन, रजिस्टरात तापमान लिहून, आपली किल्ली नियमाप्रमाणे बदली जवानाकडे देऊन ते निघाले. निघताना मला म्हणाले, "दुपारचं माप तुम्ही घ्या. मी उद्या सही करंल. तुमचं तापमान म्हंजे माझंच."

आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या आकड्यावर सही करायचं कबूल केलं ते तेवढ्या एका वेळी.

दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नव्हतं. मी टाकीची पातळी घेतली, बाईचा आकडा घेतला. थर्मामीटर बुडवायचा राहिला होता. घड्याळात तीन वाजत आले होते. वरच्या ओळीत साहेबांच्या टोकदार अक्षरात एकोणतीस लिहिलेलं. मी खाली एकोणतीस लिहिलं. चाचा स्टुलावर बसले होते. पंखा बंद करायला उठले, तर मी म्हटलं, "राहू द्या चाचा, झालं." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अच्छा? जल्दी हुआ आज." बस. दोन्ही कुलपं लागली. टाकीला लाख लागली. मी जीप पकडली. मुलगी पसंत पडली. आज ती माझी बायको आहे.

पाऊस संपता संपता वरिष्ठ कचेरीचं तपासणी पथक आलं. दोन्ही किल्ल्या लावून गोदाम उघडलं, सील तोडलं, माप घेतलं. हवा थंड होती. टाकीत कागदापेक्षा शेकडो लिटर कमी. वाफेने काही उडतं, त्याला कायद्यात सूट असते. ही तूट त्या मर्यादेत मावत नव्हती. सील शाबूत होतं, कुलपं शाबूत होती, म्हणजे तर जास्तच वाईट. एका किल्लीने चोरी होत नाही. दोघं मिळालेले असतील तरच होते. पथकातला एकजण चाचांच्या तोंडावर म्हणाला, "वा चाचा, सरकारी किल्लीबरोबर चांगली दोस्ती दिसते."

त्याच दिवशी चाचांना चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणून सांगितलं. गोदामातले कपडे खुंटीवर तसेच राहिले.

मी रजिस्टर उघडून बघितलं. एकाखाली एक दोन एकोणतीस. पहिला साहेबांच्या अक्षरात, दुसरा माझ्या. तूट टाकीत नव्हतीच. मे महिन्यातल्या दुपारी तापून फुगलेलं स्पिरिट मी थंड म्हणून लिहिलं, आणि टाकीत जे कधी नव्हतंच ते कागदावर भरून ठेवलं होतं.

मी त्या वेळी कायम झालो नव्हतो. लग्नाची तारीख धरली होती. सासरच्यांना डिस्टिलरीतला केमिस्ट जावई म्हणून सांगून झालं होतं. ही कारणं मी आज लिहितोय ती पटण्यासाठी नाही. त्या वेळी मला ती पटली होती, एवढंच. एकदा साहेबांच्या क्वार्टरच्या दारापर्यंत गेलो. ते अंघोळीच्या बादलीत थर्मामीटर धरून बसले होते. मी म्हटलं, "काही नाही, सहज आलो होतो."

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत माप घेताना, त्या पाच मिनिटांत, साहेबांनी पहिल्यांदाच डोळे उघडले आणि बोलले.

"केमिस्टराव, काही सांगायचं हाय?"

"नाही साहेब."

"बराबर," असं म्हणून त्यांनी डोळे परत मिटले.

चौकशीच्या दिवशी मी तिथेच होतो, नमुन्याचं भांडं हातात धरून. साहेबांनी पथकापुढे आपली खिशातली वही ठेवली. त्यात त्या तारखेला लिहिलेलं होतं, जालना, कोर्टाचा व्हरांडा, दुपारी दोन, बेचाळीस.

"जालन्यात सावलीत बेचाळीस असताना आपल्या पत्र्याखाली एकोणतीस कसं असंल? ते तापमान चूक हाय. चाळीस धरून तक्ता लावा, तूट जाते."

पथकप्रमुखाने आकडे मांडले. दोनदा मांडले. तूट मर्यादेच्या आत आली. मग त्याने मान वर केली.

"माप घेतलं कुणी?"

"सही माझी हाय."

"सही दिसते हो. पण तुम्ही तर कोर्टात होता. आकडा घेतला कुणी?"

"सही माझी हाय," साहेब परत म्हणाले. "बघितल्याशिवाय सही केली. चूक माझी. तसं लिहून घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. मी हातातल्या भांड्यातल्या बाईकडे बघत राहिलो, जणू तिचा आकडा अजून घ्यायचा राहिला होता.

साहेबांवर ठपका आला. वेतनवाढ थांबली, बढतीच्या यादीतून नाव गेलं, बदली थेट कोकणात. चाचांवरचा आळ कागदावर मिटला. कारखान्याने त्यांना परत बोलावलं. ते आले, खुंटीवरचे कपडे घडी करून पिशवीत घातले आणि सायकलला पिशवी अडकवून गेले. परत कामावर आले नाहीत.

साहेब जाताना माझ्या टेबलावर पितळी नळी ठेवून गेले. चिठ्ठी नाही, शब्द नाही. मला वाटलं, हे चपराक मारण्यासारखंच आहे. पुष्कळ वर्षांनी वाटायला लागलं, तसं नसेलही. चांगलं हत्यार कामाच्या माणसाकडे असावं, असा सरळ विचार ते करू शकत.

पुढे मी ती नोकरी सोडली. आता जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे प्रक्रिया कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळतो. बियाण्यातला ओलावा, उगवण, असं सगळं. माझ्या हाताखालचे लोक मागून मला 'पाच मिनिटं' म्हणतात, कारण मी कुठलाही आकडा थांबून घ्यायला लावतो. माझं नाव चांगलं आहे. ते नाव साहेबांच्या शिकवणीवर उभं आहे आणि साहेबांचं नाव माझ्यापायी गेलं. हे दोन्ही मी रोज बरोबर घेऊन कामावर जात होतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या कल्पनाताई दुपारी माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "सर, मघाशी एका गोणीचा ओलावा न बघताच लिहिला. घाई झाल्ती. जिवाला लागून राह्यलं म्हणून सांगते. परत काढू का?"

"किती वेळ झाला?"

"झाला असंल अर्धा तास."

मी म्हटलं, काढा. त्या गेल्या. आणि मी टेबलावर हात ठेवून तसाच बसलो. त्यांना अर्धा तास लागला होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मला बघायला आल्ता त्या दिवशी? माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

"मंग इथं कशाला सांगून राह्यलात? जा की."

साहेब निवृत्त होऊन जुन्या जालन्यात राहतात, हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. त्या गल्लीच्या तोंडावरून मी गाडी जोरात न्यायचो.

दार त्यांनीच उघडलं. मान आणखी पुढे आलेली, बाकी तेच. मला ओळखायला वेळ लागला नाही. "या केमिस्टराव." त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला. मी खिशातून पितळी नळी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी थर्मामीटर काढला, पुसला, उजेडात धरून पारा बघितला आणि माझ्या चहात बुडवला.

"बोला. पाच मिनिटं हायेत."

मी बोललो. एकोणतीस, जीप, अंबड, रजिस्टर, सगळं. त्यांनी डोळे मिटले होते. माझं झाल्यावर म्हणाले, "मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"सही करतानाच खटकलं. मे महिना आन् दुपारचं एकोणतीस. पण तुमच्यावर विश्वास, म्हणून हात चालला. नंतर विचारायची लाज वाटली. तूट निघाली तव्हा कळलं."

"मग पथकापुढे माझं नाव का नाही घेतलं?"

"का घेऊ? सही म्हंजे मी बघितलं असं लिहून देणं. मी न्हाई बघितलं. तुम्ही न बघता आकडा लिहिला, मी न बघता सही केली. तुमची आन् माझी चूक एकाच मापाची. त्यात मोठेपणा कायबी न्हाई, उगंच मनात आणू नका."

एकोणीस वर्षं मी त्यांना माझ्यासाठी झिजलेला माणूस समजत होतो. ते मात्र इतकी वर्षं स्वतःचाच हिशेब फेडत बसले होते.

"खरं तापमान किती होतं त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही साहेब. मी बघितलंच नाही."

"हां," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "हे बराबर बोलला."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मला माफ करा, असं म्हणणार होतो. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"माझं जाऊ द्या. मला माझा वाटा मिळाला, तो मी घेतला. दुसरी किल्ली कुणाकडं होती?"

"चाचांकडे."

"त्यांनी काय लिहिलं होतं? कशावर सही केल्ती?"

"कशावरच नाही."

"मंग? एका किल्लीनं उघडतं का ते?" ते उठले आणि चपला शोधायला लागले. "मीबी गेलो न्हाई त्यांच्याकडं. दरवर्षी म्हणतो, जाऊ. चहा प्या. साठावर आला."

त्या वेळी गाडी मिळणार नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने तीर्थपुरीला गेलो. बाजारपेठेत चाचांच्या मुलाचं शिलाईचं दुकान आहे. चाचा दारातल्या खुर्चीत बसून शर्टाला बटणं लावत होते. दाढी पूर्ण पांढरी. साहेबांना बघून सुईसकट उठले.

"साब! कितने बरस!" मग मला बघून, "और ये छोटे साब. बैठो, बैठो."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. कुणी पायजम्याचं माप देत होतं, कुणी नुसतं बसलं होतं. चाचांनी आमची ओळख करून दिली, गोदामातले जुने साहेब म्हणून. बसलेल्यांपैकी एक वयस्कर माणूस लगेच म्हणाला, "तेच गोदाम ना चाचा, जिथं ते स्पिरिटचं झाल्तं?"

चाचा हसले, पण डोळे बटणावर. "देखो साब, आज भी पूछते. चाचा, वहाँ क्या हुआ था? मैं बोलता, हिसाब में गलती थी. तो पूछते, किसकी? अब मेरे को किसने बताया, किसकी? तो लोग सर हिलाते, और चुप बैठते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, "गिऱ्हाइकं हायेत. थांबायचं का?"

मी म्हटलं, नको. मी उभा राहिलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"चाचा, गलती माझी होती. त्या दुपारी तुम्ही पंखा बंद करायला उठला होता, आणि मी म्हटलं, राहू द्या, झालं. झालं नव्हतं. मी थर्मामीटर बुडवलाच नाही. वरचा आकडा खाली लिहिला. टाकीतून एक थेंबही कुणी नेला नव्हता. तूट निघाली त्याच दिवशी मला हे कळलं होतं, आणि नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो. तुम्हाला घरी बसावं लागलं, लोकांची बोलणी ऐकावी लागली, ती माझ्यामुळे. तुमच्या किल्लीत काही खोट नव्हती. मला माफ करा."